घट नीट उगवावा म्हणून: सोलापुरातलं घरचं आणि गल्लीतलं नवरात्र

सोलापुरात नवरात्र म्हटलं की आधी तुळजापूर डोळ्यांसमोर येतं. देवी इथून 45 किलोमीटरवर, आणि शहरातल्या असंख्य घरांची ती कुलस्वामिनी. त्यामुळे इथल्या घरांचं वेळापत्रकही देवीच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानी मंचकी निद्रेला जाते, अमावास्येपर्यंत निजते आणि प्रतिपदेला पहाटे सिंहासनावर येते. त्याच आठवड्यात आपल्याकडे गोधड्या, चादरी, पडदे, सगळं धुणं निघतं, माळा झाडला जातो, देव उजळले जातात. हे काम शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. परतीचा पाऊस असला तर गोधडी वाळायला तीन दिवस लागतात, आणि ओली गोधडी घडी घालून ठेवली तर नवरात्रभर घरात कुबट वास राहतो.

घट हे आपलं छोटं शेतच असतं. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर बी उगवतं का ते पाहण्याची शेतकऱ्याची नजर या पूजेत आहे. म्हणून घट उगवला नाही तर देवी कोपली असं मनात आणू नका, आणि घरातल्या सुनेला तर अजिबात बोल लावू नका. माती, बी आणि पाणी या तिघांपैकी कुणीतरी चुकलेलं असतं. ते आधीच कळावं म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

बी आणि माती

अमावास्येच्या चार दिवस आधी बी तपासा. प्रत्येक धान्याचे 20 दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ताटलीत झाकून ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत 15च्या वर दाण्यांना मोड आले तर धान्य चांगलं. दहाच्या खाली आले तर ते धान्य बदला. डब्यात दोन वर्षं पडलेला गहू, पॉलिश केलेलं धान्य, किडीसाठी गोळ्या टाकून साठवलेलं धान्य बऱ्याचदा इथेच नापास होतं. कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी-लाल रंगाचं बियाणं मात्र घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दसऱ्याला हेच धान आपण कानामागे, टोपीत खोवतो आणि लहान मुलं ते तोंडात घालतात.

धान्यं पाच, सात किंवा नऊ, जशी घरची रीत. आपल्याकडे गहू, ज्वारी, मका, मूग, करडई, सातू, जवस, हरभरा असं चालतं. गहू आणि सातू भरवशाचे, तिसऱ्या दिवशी वर येतात. मूग त्याच सुमाराला. ज्वारीला ऊब लागते, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात ती छान येते, ढगाळ हवेत एखादा दिवस मागे पडते. मका चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. साळ टाकायची रीत असेल तर टाका, पण ती नऊ दिवसांत वर दिसेलच अशी अपेक्षा ठेवू नका. हरभरा आणि जवस जपून. हरभरा जास्त पाण्यानं सडतो आणि शेजारच्या दाण्यांनाही बुरशी लावतो, म्हणून पाच-सहा दाणे पुरे. जवस भिजलं की बुळबुळीत होतं, ते भिजवू नका, कोरडंच वरून पेरा.

एक फूट व्यासाच्या परडीला गहू एक मोठी मूठ, ज्वारी अर्धी मूठ, बाकीचं प्रत्येकी एक-एक चमचा. एवढंच. परडी गच्च भरलेली दिसावी म्हणून अर्धा किलो धान्य ओतलं जातं, दाणे एकमेकांवर चढतात, खालच्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि चौथ्या दिवशी आंबूस वास सुटतो. जवस सोडून बाकी धान्य आदल्या रात्री आठ तास भिजवा आणि सकाळी पाणी काढून निथळत ठेवा.

मातीत सोलापूरकरांची खरी चूक होते. काळी माती हवी, हे बरोबर. पण नुसती काळी माती परडीत घातली की पाण्यानं तिचा चिखल होतो, वाळली की वर पापडी धरते आणि कोंब ती अख्खी पापडी डोक्यावर उचलून उभे राहतात. मग भेगा पडतात आणि मुळं उघडी होतात. उपाय सोपा आहे: दोन वाटे काळी माती, एक वाटा बारीक वाळू किंवा ओढ्याकाठचा पोयटा आणि अर्धा वाटा वर्षभराचं जुनं, वाळलेलं शेणखत. ढेकळं फोडून गव्हाच्या चाळणीनं चाळून घ्या. सगळं मिळून चार किलो पुरतं. ताजं शेण मिसळू नका. ते कुजताना तापतं, कोवळी मुळं जळतात आणि अळ्या होतात.

घट निवडणं आणि बसवणं

घट बिनरंगाचा घ्या. बाजारात सोनेरी, लाल, चकमकीचे घट सुंदर दिसतात, पण रंगानं मातीची छिद्रं बुजतात आणि घट पाझरायचा थांबतो. पाझरणं हेच तर घटाचं काम आहे. आतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि भोवतीच्या मातीला लागेल तेवढीच ओल देतं. कुंभाराकडून आणलेला घट आदल्या दिवशी पाण्यानं भरून कोरड्या ताटात ठेवा. तासा-दोन तासांत बाहेरून गार, ओलसर लागला तर उत्तम. ताटात पाण्याचं थारोळं झालं तर त्याला चीर आहे, बदलून आणा. कोरडाच राहिला तर चालेल, पण मग हातानं रोज पाणी शिंपडावं लागेल हे लक्षात ठेवा. दीड लिटरच्या आसपासचा घट एक फुटाच्या परडीला बरोबर बसतो. नारळ तोंडावर ठेवून पाहूनच घट घ्या. तोंड अरुंद आणि नारळ मोठा असला की पाचव्या दिवशी माळ घालताना धक्का लागून तो कलंडतो.

पाटावर आधी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर काठाचं ताट, ताटात परडी. परडी वेताची किंवा बांबूची हवी म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं. स्टीलच्या थाळीतच माती घातली तर पाणी तळाशी साचतं. परडीत पत्रावळी अंथरा, दोन बोटं मातीचा थर द्या, मधोमध घट टेका आणि जरा दाबून स्थिर करा. भोवती धान्य पेरा, वरून अर्धं बोट माती भुरभुरवा. दाबायची नाही, फक्त तळव्यानं थोपटायची. पहिल्या दिवशी एक मोठा पेलाभर पाणी हातानं शिंपडा. तांब्यानं धार धरली तर दाणे एका कडेला वाहत जातात आणि मग घट एका बाजूनं टकला दिसतो.

घटात पाणी, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, हळकुंड आणि एक नाणं. तोंडावर विड्याची पाच पानं, देठ पाण्यात बुडतील अशी. देठ वर राहिले तर पानं दोन दिवसांत मलूल होतात. त्यावर शेंडीचा नारळ. घटाला हळद-कुंकवाची बोटं ओढा, कवड्यांची माळ असेल तर घाला, शेजारी देवीचा टाक विड्याच्या पानावर ठेवा. एकदा बसलेले टाक नऊ दिवस हलवत नाहीत, म्हणून झाडता-पुसता येईल अशी जागा आधीच पाहून ठेवा. तुळजापुरात घटस्थापना दुपारी बाराच्या सुमारास होते. घरी सकाळपासून दुपारपर्यंत पंचांगात दिलेल्या वेळेत करा. घरात सुतक आलं तर दुसऱ्या घरच्या माणसाकडून माळ घालून घेतात, बसलेला घट मोडत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घटातलं कमी झालेलं पाणी भरा आणि मातीला बोट लावून पाहा. बोटाला माती चिकटली तर पाणी नको. कोरडी भुरभुरली तर एक वाटी पाणी शिंपडा. पांढरी जाळीसारखी बुरशी दिसली तर एक दिवस पाणी थांबवा, खिडकी उघडा, तेवढा भाग चमच्यानं काढून टाका. आणि धान पिवळं का, हिरवं का, यावरून वर्षाचं भाकीत करू नका. देवघराच्या अंधारात वाढलेलं धान पिवळं आणि लांबुडकं होतं, खिडकीजवळचं हिरवं आणि आखूड. फरक उजेडाचा आहे. पिवळं हवं तर कोपरा, हिरवं हवं तर खिडकी.

उंदरांचं काय करायचं हे आधीच ठरवा. भिजलेले दाणे आणि तेल, दोन्ही त्यांच्या आवडीचं. रात्री परडीवर भाजी झाकायची जाळी पालथी घाला.

अखंड दिवा

दिव्यासाठी तेलाचा हिशेब असा काढा: नवरात्राआधी एका रात्री मोजून 100 मिली तेल घालून तोच दिवा, तीच वात लावून पाहा. किती तास पुरतं ते कळलं की नऊ दिवसांचं गणित सुटतं. साधारण बारीक वातीला दिवसाला 150 ते 200 मिली, म्हणजे दोन लिटर तेल हाताशी हवं. तिथी वाढली की माळाही दहा होतात. 2025 साली तसंच झालं, 22 सप्टेंबरला घट बसले आणि दसरा 2 ऑक्टोबरला आला. म्हणून पाव लिटर जास्तीचं ठेवा. आपल्या भागात करडईचं तेल पूर्वापार वापरात आहे. तिळाचंही चालतं. स्वयंपाकात तळून उरलेलं तेल नको, ते धूर करतं.

दिवा विझतो तो बहुतेक वेळा काजळीमुळे. वातीच्या टोकाला कोळशाची टोपी धरते, तेल वर चढत नाही आणि पहाटे तीनला दिवा शांत होतो. दिवसातून तीनदा काजळी काढा, पण आधी त्याच ज्योतीवरून शेजारी एक निरांजन लावून घ्या. मग चिमट्यानं काजळी काढताना मोठा दिवा विझला तरी ज्योत तीच राहते. वात हातभर लांब करून दिव्यात वेटोळं करून ठेवली तर मध्ये बदलावी लागत नाही, फक्त पुढे सरकवायची. इतकं करूनही विझला तर नमस्कार करून पुन्हा लावा. त्यात अपशकुन नाही.

दिव्यावर काचेची चिमणी हवी. पंखा त्या खोलीत बंद. मखराचं कापड, थर्माकोल, कृत्रिम फुलांच्या माळा दिव्यापासून निदान दोन हात लांब. घर रिकामं ठेवून सगळे देवदर्शनाला जात असाल तर दिवा पाण्यानं भरलेल्या परातीत, विटेवर ठेवा.

माळा, फुलोरा आणि उपवास

रोज एक माळ, वरच्या मांडवीला, म्हणजे घटावर टांगलेल्या चौकटीला बांधून घटावर सोडायची. पहिली बहुतेक घरी विड्याच्या पानांची. पुढे झेंडू, शेवंती, कारळ्याची पिवळी फुलं, तिळाची फुलं, तरवडाची फुलं. तरवड आपल्या माळरानावर, रस्त्याच्या कडेला भरपूर फुलतो, विकत घ्यायची गरज नाही. पण ती फुलं दुपारपर्यंत गळतात, तेव्हा सकाळी तोडून लगेच ओवा. आदल्या दिवसाची माळ काढायची नाही. ती वाळत तशीच राहते, म्हणून मांडवीचा दोरा सुती आणि जाड हवा. नवव्या दिवशी सगळ्या माळांचं वजन एकदम येतं.

फुलोरा म्हणजे कडाकण्या. पाचव्या, सातव्या माळेला किंवा अष्टमीला, घरच्या रीतीप्रमाणे त्या घटावर टांगतात. अर्धा किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, 200 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन पिठाला चोळल्यावर मूठ वळली पाहिजे. पाणी थोडं-थोडं घालत पुरीपेक्षा घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. रवा फुलायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर लाटताना कडा फाटतात. पापडासारखं पातळ लाटा, काट्यानं सगळीकडे टोचा, नाहीतर पुरीसारखी टम्म फुगते आणि टांगल्यावर फुटते. टांगायचं भोक कच्च्या असतानाच बॉलपेनच्या टोपणानं पाडा, काठापासून एक बोट आत. तळताना ते आकसतं, सुईएवढं पाडलं तर बुजूनच जातं. मंद आचेवर, हलका बदामी रंग येईपर्यंत तळा. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्या की कडक होतात. गरम-गरम डब्यात भरल्या तर वाफेनं सादळतात, सुपात पसरून ठेवा. एवढ्यात चाळीस-पंचेचाळीस होतात. त्यातल्याच पिठाची देवीसाठी वेणी, फणी, करंडा करा. वेणीचे पेड सैल घाला, घट्ट पिळली तर आतून कच्ची राहते.

उपवास ज्याला झेपेल त्यानं नऊ दिवस, नाहीतर उठता-बसता, म्हणजे घट बसताना आणि उठताना. भगरीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायची: सुटं, दळून ठेवलेलं भगरीचं पीठ आणू नका. दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि नवरात्रात विषबाधेच्या घटना याच पिठानं होतात. अख्खी भगर पाकिटातली, तारीख पाहून घ्या, घरी धुऊन वाळवून दळा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी नऊ दिवसांचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

मंगळवारी, शुक्रवारी जोगवा. परडी घेऊन पाच घरी जायचं आणि मिळेल त्या पीठ-मिठाची भाकरी करून देवीला दाखवायची. दारात जोगवा आला की रिकामं पाठवू नका. मूठभर ज्वारीचं पीठ पुरतं.

गल्लीत आणि पेठेत

घटस्थापनेसाठी मंडळं तुळजापूरहून ज्योत आणतात. तरुण मुलं मशाल घेऊन धावत येतात, हे पाहायला फार सुंदर असतं, पण त्याची आखणी हवी. 45 किलोमीटरला निदान 20 धावणारे, प्रत्येकानं एका वेळी अर्धा ते एक किलोमीटर, मग अदलाबदल. मशालीला सुती चिंध्या तारेनं घट्ट आवळा आणि खाद्यतेलात रात्रभर भिजवून ठेवा. पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. पेट्रोलचा भडका हाताकडे धावतो, आणि भिजलेल्या चिंधीतून थेंब गळत राहतात. पातळ सिंथेटिक टी-शर्ट घालून मशाल धरू नका, ठिणगीनं ते अंगाला चिकटतं. मागे एक गाडी हवी: तेलाचा डबा, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि त्याच ज्योतीवर लावलेला कंदील. वाऱ्यानं मशाल विझली तर कंदिलावरून पेटवायची. धावणारे रस्त्याच्या कडेनं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून.

मंडळानं मूर्ती बसवताना महापालिका आणि पोलिसांची परवानगी, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी हे महिनाभर आधी सुरू करा. शेजारच्या घरातून वायर ओढून घेणं स्वस्त वाटतं, पण त्या घराची वायरिंग हॅलोजनचा भार सोसत नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंत. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, ते दिवस त्या वर्षीच्या आदेशात पाहूनच कार्यक्रम छापा. मिरवणुकीला सोलापूरची ओळख म्हणजे लेझीम. मुला-मुलींचा सराव महिनाभर आधी, संध्याकाळी एक तास, हलगीच्या ठेक्यावर करून घ्या. आयत्या वेळी उभे केलेले खेळाडू तिसऱ्या चौकात दमतात आणि रांग तुटते.

शहरातल्या रूपाभवानीच्या देवळात दर्शनाला पहाटे अनवाणी जाणाऱ्या बायकांची रीघ नऊ दिवस असते. म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि अष्टमी टाळून मधल्या दिवशी, दुपारी न्या.

पूर्व भागात गेलात तर याच दिवसांत बतुकम्मा दिसेल. पद्मशाली आणि इतर तेलुगू घरांतला हा सण पितृ अमावास्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीच्या सुमाराला सद्दुला बतुकम्मानं संपतो. शेजारणीनं बोलावलं तर आधी तासभर जाऊन फुलांची बतुकम्मा रचायला हात लावा. पितळी ताटात भोपळ्याची पानं, त्यावर फुलांचे गोल थर, खाली रुंद आणि वर निमुळते. त्यात लागणारं तंगेडू म्हणजे आपला तरवडच, आणि गुनुगू म्हणजे शेतातला कुरडू. कुरडूची पांढरी बोंडं सारख्या लांबीची कापून, टोकं रंगात बुडवून जुड्या करतात. थर बाहेरून लावत जायचं आणि मधली पोकळी चिरलेल्या पाना-देठांनी गच्च भरायची. ती पोकळ राहिली की उचलताना अख्खा डोलारा खचतो. वर भोपळ्याच्या फुलावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौर. मग बायका भोवती फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर एक ओळ म्हणते आणि बाकीच्या "उय्यालो" म्हणत साथ देतात. तेलुगू येत नसलं तरी तेवढा एक शब्द म्हणता आला की पुरतो.

खंडेनवमी, दसरा

नवमीला हत्यारांची पूजा, आणि सोलापुरात हत्यार म्हणजे माग. कारखान्यात पूजा करताना आधी मेन स्विच बंद करा. मागावर, बीमखाली, भिंतीच्या कपारीत कापसाची तूस साचलेली असते आणि ती कागदापेक्षा भराभर पेटते. म्हणून आदल्या दिवशी कारखाना झाडून घ्या, आणि निरांजन व उदबत्ती मागावर न ठेवता दाराजवळ फरशीवर वाळूच्या ताटात ठेवा. ओलं हळद-कुंकू मोटारीला, स्विचला लावू नका, लाकडी धोट्याला आणि चौकटीला लावा. झेंडूची माळ फिरणाऱ्या भागांपासून लांब बांधा आणि माग सुरू करण्याआधी आठवणीनं काढा. दोऱ्यासकट माळ आत ओढली गेली तर ताणा तुटतो आणि दिवसभराचं काम वाढतं.

झेंडू दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घेतलेला बरा. ओल्या गोणपाटावर पसरून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर सकाळपर्यंत काळा पडतो. सोनं घेताना पान पाहा: आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत असतं. कांचनाचं मोठं, पातळ आणि मऊ असतं, तेच आपटा म्हणून विकायला येतं. एकेका माणसाला एक पान पुरतं, फांद्या ओरबाडू नका.

घट उठवताना आधी नारळ हलवा, मग घट जागचा किंचित सरकवा. धान कात्रीनं मुळाच्या वर कापा, उपटू नका. पहिलं देवाला, मग घरातल्या मोठ्यांच्या टोपीत, पदरात, मुलांच्या कानामागे. घटातलं पाणी विड्याच्या पानानं घरभर शिंपडा, उरलेलं तुळशीला. माती आणि मुळं कुंडीत किंवा शेतात. सिद्धेश्वर तलावात निर्माल्य आणि माती टाकू नका. पाणी तिथे वाहत नाही, सगळं तळाशी कुजत राहतं.

कोजागरीची पायी वाट

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी पुन्हा निजते ती पौर्णिमेपर्यंत. कोजागरीला सोलापूरहून मानाच्या काठ्या तुळजापूरला जातात, आणि लाखो माणसं पायी निघतात. कर्नाटकातून आलेली माणसंही याच रस्त्यानं चालतात. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी, माळुंब्रा करत तुळजापूर. गाड्यांची वाहतूक त्या वेळी दुसऱ्या मार्गानं वळवतात.

ताशी चार किलोमीटरनं नुसतं चालणं अकरा-बारा तासांचं. विसावे धरून पंधरा धरा. ऊन उतरल्यावर पाचच्या सुमारास निघालात तर सकाळी आठला पोहोचाल. दुपारी बाराला निघू नका, अनवाणी तर मुळीच नको, डांबर तापलेलं असतं. नवस अनवाणी चालण्याचा असला तरी पिशवीत जुन्या, सवयीच्या चपला ठेवा. नवे बूट घालून आलेल्यांचे पाय तामलवाडीच्या आधीच सोलतात. नवरात्रातच दोनदा सात-आठ आणि एकदा पंधरा किलोमीटर चालून पाहा.

पाठीवर दोन किलोच्या वर ओझं नको. वाटेत पाणी, चहा, केळी, खिचडी, मसाला दूध वाटणारे ठिकठिकाणी असतात. स्वतःकडे एक लिटर पाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटं, चिकटपट्टी, खोबरेल तेल, सुती मोजे आणि पातळ चादर एवढं असू द्या. निघताना टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावा. कुठे गरम, झोंबल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. दर तासाला पाच मिनिटं बसा, पण एका विसाव्याला अर्ध्या तासाच्या वर झोपू नका, पोटऱ्या आखडतात आणि उठवत नाही. मुलांच्या खिशात नाव आणि फोननंबरची चिठ्ठी ठेवा, गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मिळत नाही. पुढे-मागे झालात तर कुठे भेटायचं ती गावं निघतानाच ठरवा.

पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत आणखी कित्येक तास जातात. पाय जड झाले असतील, सोबत म्हातारी माणसं असतील, तर मुखदर्शन घ्या किंवा कळसाला हात जोडा. परतीला एसटीच्या जादा गाड्या असतात, सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. घरी आल्यावर पाय कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. फोड सुईनं फोडू नका, वरची कातडी तशीच राहू द्या, तीन दिवसांत आपोआप बसतो.